मागे येणारी गाडी
साखळीच्या तेलाचा वास आला की न्यू जर्सीतला तो चढ आठवतो. ऐंशीच्या दशकात मला फ्रान्सच्या डोंगराळ खेड्यांतून सायकलने फिरायचं होतं. नवरा म्हणाला, "आधी हा चढ सायकलवरून न उतरता चढून दाखव, मग तिकीट बुक करू." दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मागे फक्त याची गाडी, मुंगीच्या पावलांनी. "दमलीस तर बस गाडीत!" तो खिडकीतून ओरडत होता. अर्ध्या चढावर त्याचंच इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफा निघाल्या. मी थांबले नाही. माथ्यावरच्या घरातून पाण्याचा कॅन घेतला आणि हँडलला अडकवून खाली आले. "फ्रान्समध्ये मी मागे नसेन हं," तो म्हणाला. "बरंच आहे, पाणी घेऊन परत यावं लागणार नाही." सोमवारी तिकीट बुक झालं. गाडी कधीच भंगारात गेली. सायकलला अजून मीच तेल घालते.