खुर्ची, काकाजी आणि विलायतचे जज

आमच्या तालुका कोर्टाच्या बार रूममध्ये केसेस निकाली निघतात त्याहून जास्त वेगाने किस्से साचतात. त्यातले निम्मे हटवार काकाजींचे! गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काकाजींनी कोर्टात उभं राहणं सोडलं. तरी रोज अकराला काळा कोट घालून येतात आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. काकी गेल्यापासून त्यांचा दिवस त्या खुर्चीतच जातो. हातात इंग्लंडच्या न्यायाधीशांवरचं एक जाडजूड जुनं पुस्तक. तिकडचे जज कायद्याचा अर्थ कसा लावतात, जुना निकाल कधी पाळतात आणि कधी बाजूला ठेवतात, हे काकाजी आम्हाला चहाबरोबर पाजतात.

मागच्या वर्षी ती खुर्चीच जायची वेळ आली होती. पण आधीचं आधी सांगते.

* * *

बार रूमच्या भिंतीवर पाटी आहे: 'पक्षकारांनी येथे बसू नये.' एका बाजाराच्या दिवशी माझी पक्षकार, आसगावची एक म्हातारी, उन्हातून धापा टाकत आली. काकाजींनी तिला सरळ खुर्ची दिली. मी पाटीकडे बोट दाखवलं.

"पोरी, विलायतचा जज पयले इचारते, हा कायदा कोणता तरास मिटवाले केला? याले मिस्चिफ रूल म्हणतात. पयले पक्षकार डबे उघडून बसत, वकिलाले जागा नाही मिळे. आज अर्धे वकील बाजारात हायेत. तरास कुठी हाय? बसू दे मायले!"

दुसऱ्या दिवशी सहा पक्षकार आत! "काल म्हातारी बसली ना? आमीबी बसून राहिलो!"

काकाजी शांतपणे म्हणाले, "काल तरास नव्हता. आज तुमीच तरास हा!"

* * *

आमच्याकडे रिवाज आहे. जो केस जिंकेल त्याने सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे. सेलोकर वकील म्हणजे हात भलताच आखडता. त्याची केस आपसात मिटली, तर म्हणाला, "जिंकलो कुठी? पोहे कायचे?"

काकाजींना जुना निकाल आठवला. "निमजे वकिलानं धानाच्या शेतातल्या बांधीची केस आपसात मिटवली, तवा पोहे आणले होते. थे नजीर हाय."

"थे बांधीची होती, माही विहिरीची! फॅक्ट्स अलग हायेत!"

"नुसता फरक असून भागत नाही, फरक कामाचा पायजे. बांधी असो का विहीर, आमाले भूक सारखीच लागते!"

पोहे आले. सेलोकरने सूड म्हणून तर्री इतकी तिखट सांगितली की दुपारचं काम सगळ्यांनी नाक पुसत चालवलं.

* * *

एक फजिती माझीही. मी एका जुन्या निकालातलं झकास वाक्य कोर्टात ऐटीत वाचलं. साहेब म्हणाले, "बाई, हे त्या न्यायाधीशांनी जाता जाता म्हटलंय. निकाल यावर नाही!"

मी लाल तोंडाने परत आले. काकाजी हसले. "याले ओबिटर म्हणतात. ऐकाचं, पण बांधून नाही घ्याचं. तुही काकी भाजी वाढता वाढता माह्या कोटाबद्दल बोले, माह्या मायबद्दल बोले. निकाल एकच राहे, जेवून घ्या."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आता तिची थे जाता जाताचीच बोलणी आठवतात."

मी माझी फजिती विसरून गेले.

* * *

मग सेलोकर बारचा सेक्रेटरी झाला. नवे वकील वाढले, खुर्च्या तेवढ्याच. त्याने चांगल्या मनाने ठराव मांडला: 'खुर्ची फक्त कोर्टात केस चालू असलेल्या वकिलांसाठी.' सगळ्यांनी हात वर केले. आणि मग सगळ्यांचे डोळे खिडकीकडे गेले.

मी उठले. "पाटीची नजीर आहे! ठराव कोणता त्रास मिटवायला केला ते बघा!"

"खाली बस, पोरी," काकाजीच म्हणाले. "तवा खुर्च्या रिकाम्या होत्या. आज चार पोरं उभी हायेत. तरास जिता हाय. अन् शब्द साफ हायेत. शब्द साफ असले का जजानं आपल्या मनचं घुसडाचं नाही. तुही नजीर लागू नाही होत!"

स्वतःविरुद्ध केस जिंकून काकाजींनी पुस्तक पिशवीत घातलं. गुडघ्यांवर हात टेकून उठले. मला रडू येत होतं.

"थांबा, काकाजी!" सेलोकर ओरडला. त्याने कपाटातून कोरं वकीलपत्र काढलं आणि भराभर भरलं. "शेजाऱ्यानं माह्या शेताचा धुरा कोरून जागा दाबली, थे केस चालू हाय. मीच चालवून राहिलो होतो. आजपासून वकील तुमी. कोर्टात हे बाई उभी राहीन, डोकं तुमचं!" आणि त्याने खाली सही ठोकली.

काकाजींनी चष्मा चढवून वकीलपत्र दोनदा वाचलं. सही केली. परत खिडकीजवळ बसले. टाळ्याच टाळ्या! सेलोकर खुशीत आपल्या खुर्चीवर टेकला.

काकाजींनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे.

"सेलोकर, आता तू माहा पक्षकार. ऊठ खुर्चीवरून!"