चौकीला काम नाही, असं मी लिहिलं होतं

बाविसाव्या वर्षी मला सगळं येत होतं. पुढे ते हळूहळू कमी होत गेलं, आणि आता ऐंशी ओलांडल्यावर फोनचा आवाज कसा बंद करायचा तेही नातीला विचारावं लागतं. पण तेव्हाची मी, काय सांगू. सदाशिव पेठेतलं घर, वडील शाळेत मराठीचे मास्तर, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, आणि शहर पोलिसांच्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिकाची नोकरी. कडक इस्त्रीची साडी नेसून, पदर खोचून मी सायकलवर बसले की मला वाटायचं, पुण्याची कायदा आणि सुव्यवस्था माझ्याच हँडलवर तोललेली आहे.

डिसेंबर संपत आला की आमच्याकडे वार्षिक अहवालाचं काम सुरू व्हायचं. प्रत्येक चौकीकडून एक छापील तक्ता भरून यायचा. चोऱ्या किती, घरफोड्या किती, मारामाऱ्या किती, बिनदिव्याच्या आणि डबलसीट सायकली किती पकडल्या, माणसं हरवली किती आणि सापडली किती. सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना, त्याच्यावर ‘शेरा’ असं छापलेलं. तो साहेबांनी भरायचा असे. हे सगळे तक्ते मिळून एक मोठा तक्ता करायचा, टाइप करायचा, त्याच्यावर साहेबांची सही घ्यायची. मग त्यावरून वरची मंडळी ठरवत, येत्या वर्षी कुठल्या चौकीला किती माणसं द्यायची.

आमचे हेडक्लार्क नारायण पेठेतले. दिवसाला दहा वाक्यं बोलत, त्यातली सात टोमणे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या एका जुन्या पत्रातल्या चुका लाल पेन्सिलीने काढून दाखवल्या, तर म्हणाले, “वा. आता आम्ही निवृत्त व्हायला मोकळे.” मी ती स्तुती समजले आणि घरी जाऊन आईला सांगितली.

त्या वर्षी नेमके हेडक्लार्क मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले आणि अहवाल माझ्या एकटीच्या हातात आला. चाळीसेक तक्ते असतील. गणपतीच्या बंदोबस्तात सलग दोन दिवस उभे राहिलेले पोलीस, मिरवणुकीत चुकलेल्या पोरांना खांद्यावर घेऊन आईबाप शोधणारे पोलीस, मंडईत गाडीवाल्यांची भांडणं सोडवणारे पोलीस, हे सगळे माझ्या टेबलावर आकडे होऊन आले होते, आणि मला त्यातलं हस्ताक्षर तेवढं दिसत होतं. कुणाचं अक्षर किती गचाळ, यावरून कोण किती काम करतो हे मी ठरवत होते.

असाच एक तक्ता विश्रांतवाडीच्या पुढच्या, आळंदी रस्त्यावरच्या एका चौकीचा आला. तेव्हा विश्रांतवाडी म्हणजे आम्हा पेठेतल्या लोकांना जवळजवळ परगाव. तिच्याही पुढे शेतं, मळे आणि मधून ट्रकांचा रस्ता. त्या तक्त्यात चोरीपासून हरवलेल्या माणसांपर्यंत सगळे रकाने मोकळे होते. सरकारी भाषेत शून्य म्हणत नाहीत, निरंक म्हणतात. मी माझ्या वळणदार अक्षरात सगळीकडे निरंक लिहिलं. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी गिचमीड होतं, ते पुढूनही जाणवत होतं. कच्चं काम असेल म्हणून मी कागद उलटला नाही.

इथवर ठीक होतं. इथे थांबले असते तर ही हकीकत झालीच नसती. पण ओळीच्या शेवटी तो शेऱ्याचा रकाना मोकळा राहिला होता, आणि माझ्यासारख्या मुलीला मोकळी जागा बघवत नाही. मी लिहिलं, ‘सदर चौकीस काम असल्याचे दिसून येत नाही.’ मला कुणी विचारलं नव्हतं. वाक्य मात्र फार छान जमलं असं वाटलं. साहेबांचा माझ्यावर विश्वास, त्यांनी सही केली, अहवाल वर गेला.

महिन्याभरात हुकूम निघाला. पेठांमध्ये माणसं कमी पडत आहेत, सबब काम नसलेली सदर चौकी चालू महिनाअखेर बंद करून तेथील हवालदारास शहरात बोलवावे. हुकमात माझं वाक्य जसंच्या तसं होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. माझं मराठी हुकमापर्यंत पोहोचलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी कचेरीत तीन बाया आल्या. नऊवारी नेसलेल्या, चप्पल दाराबाहेर काढून ठेवलेल्या. पुढची पन्नाशीची, चांगल्या मळेवाल्या घरातली दिसत होती. तिने हेडक्लार्कना विचारलं की आमच्या चौकीला काम नाही असं कुणी लिहिलं. हेडक्लार्क तोवर रजेवरून आले होते. त्यांनी अहवाल काढला, एकदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि बोट दाखवलं. “त्या बाईंना विचारा. भाषा त्यांची दिसते.”

बाई माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, तिची सासू, गावाची आक्का, ऐंशीच्या पुढची आहे, डोकं फिरलंय, आपलं घर कुठलं ते तिला कळत नाही. दुपार झाली की उठते आणि माहेरी जाते म्हणून चालू लागते. माहेर कुठलं, तर रस्त्यावरची ती चौकी. तिला वाटतं तो तिच्या भावाचा वाडा आहे. हवालदार तिला बसवून घेतात, आणि घरातलं कुणी शेतातून मोकळं झालं की जाऊन घेऊन येतं.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, “ही माहिती विहित नमुन्यात आलेली नाही.”

बाईने शांतपणे ऐकून घेतलं. “नमुना म्हनाल तर आमची सासूच हाय,” ती म्हणाली. “येकदा यून बघा.”

मागे हेडक्लार्कना खोकला आला. त्यांना कधी खोकला नसे.

बाया गेल्यावर मी तो तक्ता फायलीतून काढून पहिल्यांदा उलटा केला. पेन्सिलीने, ओळीवर ओळ, गच्च भरलेला कागद. ‘आक्का आली. पोचवली.’ ‘आक्का आली. पाऊस. वस्तीवर निरोप धाडला.’ ‘विहिरीच्या पान्यावरनं दोन भाऊ भांडले, चा पाजून घरी धाडले.’ ‘शाळा सुटताना रस्त्यात उभा.’ ‘आक्का आली.’ ‘आक्का आली, जेवली न्हाय.’ अशा किती ओळी होत्या कुणास ठाऊक. मी त्या मोजल्या नाहीत.

आता शहाणी मुलगी उठून साहेबांकडे गेली असती. मी ठरवलं की आधी स्वतः जाऊन खात्री करावी. खरी आशा ही की तिथे काहीतरी वेगळं निघेल आणि मीच बरोबर ठरेन. रविवारी दुपारी बस धरून गेले. घरी सांगितलं की मैत्रिणीकडे जाते.

चौकी म्हणजे दोन कौलारू खोल्या, पुढे पडवी, पडवीत बाक. बाकावर एक इवलीशी म्हातारी बसली होती, आणि तिच्या शेजारी दोऱ्याने बांधलेला चष्मा घातलेले हवालदार मटार सोलत होते. म्हातारी त्यांना शेंगा देत होती आणि दाणे बारीक आहेत म्हणून बोलही लावत होती. मी कोण ते सांगितलं. वाटलं होतं, आता हे ओरडतील. त्यांनी मला बाकावर जागा करून दिली आणि चहा घेणार का विचारलं.

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं आणि हवालदारांना म्हणाली, तुझी बायको फार वाळलीय. हवालदार लाजले. मी तर कानापर्यंत लाल झाले. लग्न व्हायचं होतं माझं, आणि स्थळं बघायला सुरुवात झाली होती. पण ती पाणी मागत होती, म्हणून मी आत जाऊन माठातलं पाणी आणून दिलं. तर म्हणाली, तांब्या घासलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक काढत होतं आणि ती बरोबर होती.

मी हवालदारांना विचारलं, तक्त्यात हरवलेल्या माणसांचा रकाना होता, सापडलेल्यांचाही होता, मग तिथे का नाही लिहिलंत? मागच्या बाजूला कशाला?

त्यांनी शेंग सोलता सोलता सांगितलं, “हरवती कुठं ती? सरळ माझ्याकडं येती.”

मी एक शेंग उचलून सोलायला घेतली. मग मी विचारलं, चौकी बंद झाल्यावर काय. ते म्हणाले, “मला काय, म्हनतील तिथं जाईन. ही मातुर हितंच येनार. दार बंद दिसलं की फुडं चालत सुटंल. फुडं निस्ता रस्ता हाय, बाई.”

तेवढ्यात पडवीसमोरून एक ट्रक गेला. बाक हलला. म्हातारी शेंगा निवडत राहिली.

महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. सोमवारी सकाळी मी हेडक्लार्कपुढे उभी राहिले आणि रविवारची फेरी सोडून सगळं सांगितलं, तो रकाना माझा नव्हता हेही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. ते म्हणाले, शुद्धिपत्रक काढावं लागेल, तुम्हीच लिहून आणा. शुद्धिपत्रक म्हणजे कचेरीने आपली चूक झाली हे सगळ्या जगाला छापील कळवायचं. इतरांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या मुलीला त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

मी लिहिलं, ‘शेरा या रकान्यातील मजकूर अनवधानाने समाविष्ट झाला आहे.’ हेडक्लार्कनी माझीच लाल पेन्सिल उचलली, ‘अनवधानाने’ या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, “कोणाच्या?”

मी दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी, मागची बाजू न वाचता, अधिकार नसताना, शेरा मी लिहिला, असं. सोबत त्या पेन्सिलीच्या ओळी सगळ्या टाइप करून जोडल्या, हवालदारांच्याच भाषेत. ‘पोचवली’ला ‘पोहोचवली’ करायचा मोह झाला होता. नाही केलं.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. टाइप केलेल्या ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, आता राजीनामा मागतात. त्यांनी पेन काढलं, ‘मी’ हा शब्द खोडला आणि त्याच्यावर लिहिलं, ‘या कार्यालयाने’. “सही माझी होती,” ते म्हणाले, “आणि वाचून केलेली नव्हती.” मग हुकूम रद्द करण्याची शिफारस स्वतः वर घेऊन गेले.

पुढे मी त्याच खात्यात बत्तीस वर्षं काढली. लग्न झालं, मुलं झाली, टाइपरायटर जाऊन संगणक आले, विश्रांतवाडी शहराच्या पोटात आली आणि तिच्याही पुढे शहर गेलं. दर वर्षी अहवाल माझ्या हातून जायचा. कुठलाही कागद मी उलटून बघितल्याशिवाय सोडला नाही, आणि माझ्या हाताखालच्या पोरापोरींना त्याचा इतका जाच झाला की त्यांनी मला टोपणनावं ठेवली. ठेवोत. लोक मला विचारतात, पोलीस खात्यात जन्म घालवलास, काय बघितलंस, आणि त्यांना खुनाच्या गोष्टी हव्या असतात. मी काय सांगणार? ज्या लोकांच्या कामाला रकाना नव्हता त्यांच्यामुळे माझी माणूस म्हणून वाढ झाली, नाहीतर मी निव्वळ वळणदार अक्षर होऊन राहिले असते. तो हवालदार, तो टोमणे मारणारा हेडक्लार्क, सही करून चुकणारा आणि ते कबूल करणारा साहेब, तिघांपैकी कुणाचेही आभार मी तेव्हा मानले नाहीत. आभार मानणं म्हणजे कमीपणा, हेही त्या वयात मला येत होतं. म्हणून आता लिहिते.

चौकी कायम राहिल्याचा कागद तेव्हा महिना संपायला दोन दिवस असताना आला. टपालाने पाठवायचा होता. हेडक्लार्क म्हणाले, “टपालाला वेळ लागतो. तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?” रविवारी मी ‘मैत्रिणीकडे’ म्हणून कुठे गेले होते हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. मी कचेरीच्या वेळात, सरकारी कामाने, बसने गेले.

म्हातारी बाकावरच होती. तिची सूनही तिला न्यायला आलेली होती आणि पडवीच्या पायरीवर टेकली होती. हवालदारांनी चष्मा पुसून कागद वाचला. घडी घातली. पुन्हा उघडून वाचला. सुनेने डोळ्यांना पदर लावला.

म्हातारीला काही तरी चाललंय एवढं कळलं. तिने हवालदारांना विचारलं, कसला कागुद आलाय रं.

“आक्का,” हवालदार म्हणाले, “घर आपल्याकडंच ऱ्हायलं.”

म्हातारीने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. इतकी माणसं एका वेळी वेडी झालेली तिने पाहिली नसावीत.

“मग ते जानार कुठं व्हतं?” ती म्हणाली, आणि सुनेच्या हाताला धरून पायरी उतरायला लागली.