मामाचे उजवीकडचे डॉल्फिन

माझ्या मामाच्या सलूनमध्ये दाढीला बसणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याचा हात चांगला आहे, पण लक्षाच्या नावानं आनंदीआनंद. दुकान अगदी किनाऱ्यावर, दार समुद्राकडे आणि दारासमोरच्या भिंतीवर हा भलामोठा आरसा. मामा दाराकडे पाठ करून वस्तरा चालवणार आणि डोळे मात्र आरशातल्या समुद्रावर. मग अचानक आरोळी, "आले! डॉल्फिन! उजवीकडे!"

की आम्ही सगळे दाराबाहेर. पुढे मामा, मागे फेसानं माखलेला पोस्टमन, गळ्यात टॉवेल अडकवलेला बेकरीवाला आणि अर्धी मिशी उडालेला मी. सगळ्यांच्या माना उजवीकडे. तिथे धक्का, धक्क्याला बांधलेल्या होड्या आणि एक झोपलेलं कुत्रं. डॉल्फिनचा पत्ता नाही.

"बुडी मारली वाटतं," मामा म्हणायचा, आणि आम्ही आत जाऊन उरलेली दाढी उरकून घ्यायचो.

वर्षानुवर्षं हेच. लोकांनी मामाचं नावच 'उजवीकडे' ठेवलं. "उजवीकडे आहे का दुकानात?" असं त्याच्या तोंडावर विचारायचे. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं. एकदा माझ्या मानेवरचे केस झटकताना हळूच म्हणाला, "मी थापा नाही रे मारत. दिसतात मला." मला त्याची दया आली. अर्ध्या मिशीचा राग मात्र होताच.

मामी वरच्या मजल्यावर राहून संसार चालवायची, तोही एकाच नियमावर: मामा सांगेल त्याच्या बरोबर उलट करायचं. त्यानं 'छत्री ने' म्हटलं की छत्री घरी. त्यानं 'मीठ कमी घाल' म्हटलं की आणखी एक चिमूट. "यांचं ऐकलं असतं तर आतापर्यंत वाट लागली असती," हे वर. तर, मामानं असंच एकदा आरोळी ठोकताना शाळेच्या हेडमास्तरांची अख्खी भुवई उडवली, आणि मामी जिना उतरून खाली आली.

"रविवारी या दाराला जाड पडदा लागणार. कायमचा."

"अगं, मग मी दिवसभर बघू काय?"

"गिऱ्हाइकाचं डोकं!"

मामाचा चेहरा पार उतरला. रविवारपर्यंत त्याचं उरलंसुरलं लक्षही उडालं. मला तर त्यानं दोनदा पावडर लावली.

रविवारी मामी दारात स्टुलावर चढून पडद्याच्या कड्या अडकवत होती. पडदा निम्मा लागला होता. उरलेल्या फटीतून मामा आरशात शेवटचं बघून घेत होता. आणि ओरडला, "आले! उजवीकडे!"

आम्ही सवयीनं धावलो. सवयीनंच उजवीकडे बघितलं. धक्का, होड्या, कुत्रं.

मामीनंही सवयीनंच बघितलं. डावीकडे.

"अहो!" तिच्या हातातला पडदा गळून पोस्टमनच्या डोक्यावर पडला. "अहो, तिकडे काय बघताय? इकडे बघा!"

डावीकडे तीन काळ्याभोर, चकचकीत पाठी वर आल्या. एका डॉल्फिननं तर अख्खी उडी मारली. मग ते खडकामागे दिसेनासे झाले, रोज होत असणार तसेच.

पडद्यातून डोकं बाहेर काढत पोस्टमननं आरशाकडे बघितलं, समुद्राकडे बघितलं. "अहो, पाठमोरं उभं राहून जे उजवीकडे दिसतं, ते वळल्यावर डावीकडेच असणार ना!" जन्मभर आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. आम्हा शहाण्यांनाही नाही.

फेसाळलेला वस्तरा धरून मामा खडकाकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मामीनं पडदा उचलला, घडी घातली आणि म्हणाली, "वरच्या खिडकीला होईल."

आता मामा वळूनच आरोळी देतो, अगदी बिनचूक, "आले! डावीकडे!" आम्ही सगळे डावीकडे बघतो आणि डॉल्फिन दिसतात. सुरुवातीला एकट्या मामीचेच हुकायचे. म्हणून हल्ली तो वरच्या खिडकीकडे तोंड करून आणखी एक आरोळी देतो, "आणि तू गं, उजवीकडे!"