तुळशीच्या लग्नातली पाचवी कोंबडी

माझे यजमान तहसिलातून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं एक नकाशा ठेवला. पट्टीनं आखलेला, चारही बाजूंनी समास सोडलेला.

"मेथी, पालक, मुळे, सांभार," त्यांनी पेन्सिलीनं एकेक वाफा दाखवला. सांभार म्हणजे आमच्या वऱ्हाडातली कोथिंबीर. "आन् हे कोपऱ्यात कोंबड्या."

"अहो, तुम्ही अंडं तरी खाता का?"

"अंडं नाही खात मी. पन कोंबडीसंगं माहं काही भांडन नाही."

पिंपळगाव राजाला आमच्या घरामागं एक मोकळा प्लॉट पडून होता. मालक पुण्यात. घर बांधेपर्यंत खुशाल पेरा, असं तो फोनवर म्हणाला. दसऱ्याच्या आधी आम्ही दोघांनी मिळून गाजरगवत उपटलं, वाफे केले. सोनाळ्याहून माझा भाऊ डालग्यात पाच गावरान कोंबड्या घालून मोटरसायकलवर घेऊन आला. चार तांबड्या, एक काळी. खुराडं यजमानांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांचं केलं. छत्तीस वर्षं फायली बांधलेल्या माणसानं कोंबड्यांसाठी कडी-कोयंडा बसवला तेव्हा मला वाटलं, हे चार दिवसांचं वेड आहे.

वेड कसलं, रोजचा कार्यक्रमच झाला. सकाळी गारवा वाढायला लागला तसे ते कानटोपी घालून खुराड्यापुढं उभे राहायचे आणि विचारायचे, "हिले थंडी वाजून राह्यली का वो?" मी म्हणायचे, पिसं आहेत तिला. त्यांचं समाधान व्हायचं नाही. खुराड्याला बाहेरून बारदान लावलं, आत तणसाची गादी केली. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की मोजायच्या, पाच म्हणायचं, मग कडी. मी हसत होते आणि मेथी निंदत होते. हातभर वाफ्यात चिमूटभर मेथी वर आली तर मला इतका आनंद व्हायचा की वर्गात पहिला नंबर आलेल्या मुलीसारखी मी घरभर सांगत फिरायचे. घरात ऐकायला एकटेच यजमान.

एकच माणूस आमच्यावर नाराज होतं. शेजारच्या काकू. त्यांच्या दोन्ही मुलांना मी शाळेत शिकवलं, म्हणून वयानं मोठ्या असून त्या मला बाई म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर काळी कोंबडी भिंतीवरून त्यांच्या अंगणात उतरली आणि झेंडूचं रोपन् रोप उकरून काढलं. काकू भिंतीशी आल्या.

"बाई, तुम्ही शिकलेली मानसं. कोंबड्यायले वळन काऊन नाही लावत?"

मी माफी मागितली, माझ्या वाफ्यातला सांभार दिला. त्यांनी तो घेतला, पण पुढं पंधरा दिवस बोलल्या नाहीत. तुळशीच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा सुनेच्या हाती आलं. मला ते फार लागलं. म्हणून मी ठरवलं, काठाची साडी नेसून, वेळेच्या आधी जायचं.

त्या दिवशी दिवेलागणीला मी तयार होऊन बाहेर आले, तर यजमान खुराड्यात डोकं घालून बसलेले.

"चारच हायेत."

"नीट मोजा."

"तीनदा मोजल्या. काळी नाही."

तिकडून मंगलाष्टकं सुरू झालेली ऐकू येत होती. आम्ही बॅटरी घेऊन वांग्यांच्या झाडांत शोधलं, वालाच्या वेलाखाली शोधलं. माझ्या साडीला चिखल लागला, त्यांच्या कानटोपीला कुसळं. शेवटी मी म्हटलं, आता चला, नाहीतर काकू जन्मभर बोलणार नाहीत. ते बॅटरी हातात घेऊनच निघाले.

अंगणात तीसेक माणसं होती. दोन सुना अंतरपाट धरून उभ्या. एका बाजूला काकूंच्या दिरांच्या हातात बाळकृष्ण, दुसऱ्या बाजूला उसांच्या मांडवाखाली तुळस. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट बाजूला झाला, सगळ्यांनी ज्वारीच्या अक्षता उधळल्या.

आणि तुळशीवृंदावनात, अगदी खोडाला टेकून, आमची काळी कोंबडी बसलेली. अंधार पडला की उंच जागा बघून बसायचं, एवढंच तिला ठाऊक. अंगावर ज्वारी पडली तशी तिनं एक डोळा उघडला, मान लांब केली आणि निवांत दाणे टिपायला लागली.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. तेवढ्यात माझे यजमान मोठ्यानं म्हणाले, "पाच!"

मी काकूंकडं पाहिलं. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि खांदे हलत होते. रडतात की काय, असं वाटलं. मग पदर सुटला.

"अवो बाई," त्यांना धड बोलता येईना, "तुमची पोरगी करवली होऊन आली व्हय!"

मग कोण कशाला थांबतंय! दिरांच्या हातातला बाळकृष्ण हलायला लागला, तो सुनेनं घाईनं धरला. यजमान कोंबडी पकडायला पुढं झाले, ती फडफडत त्यांच्या कानटोपीवर बसली, आणि ते डोकं न हलवता, दोन्ही हात पसरून, नवरदेवासारखे सावकाश चालत मांडवाबाहेर आले. लोक अक्षता त्यांच्यावर टाकायला लागले. ते स्वतः असे हसत होते की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

काकूंनी माझ्या ओटीत ऊस, बोरं, आवळे घातले. "मी लय दिवस बोलली नाही तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "तुमचे हिरवेगार वाफे पाहून माह्याच पोटात दुखून राह्यलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी पालकाला पाणी देत होते, तर भिंतीवर एक डोकं दिसलं, मग दुसरं, मग सहा-सात. लग्नाला आलेले काकूंचे पाहुणे शाली गुंडाळून उभे होते.

"करवली कोनती?" कुणीतरी विचारलं.

यजमानांनी कानटोपी नीट केली, काळीला काखेत घेतलं आणि तहसिलातल्या आवाजात सांगितलं, "गर्दी करू नका. एकेकानं या."