अंगाला आधी कळलं होतं

वाळत्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की आजही माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. बारावीची परीक्षा देऊन मी गावी आले होते. वडिलांच्या वहिनीसोबत, माझ्या मोठ्या आईसोबत, पहाटेच फुलं वेचायला जंगलात गेले. झाडांखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळलेला, त्या काळ्या राखेवर पिवळी फुलं पडली होती. वाकून वेचता वेचता एकदम माझं तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली, हातांवर काटा आला. दिसत काहीच नव्हतं. "मोठी आई, मले कसंतरी होऊन राह्यलं." "उपाशी आली न, म्हणून होते," ती हसली. मलाही ते पटलं. टोपली घेऊन ती पुढच्या झाडाखाली गेली, वाकली. ओरडलीही नाही. उरली ती उपडी टोपली आणि राखेतून वाघाने ओढत नेल्याचा माग. आता मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. भीती आधी शरीरात येते, मनाला मागाहून कळतं, असं दरवर्षी सांगते. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, अंगाले आधी समजते, तं माणूस ऐकत काऊन नाई?" मी म्हटलं, "त्याच्याजवळ दुसरं कारण तयार असते म्हणून," आणि पुस्तक मिटलं.