नदीपलीकडचा खोडवा

सलमा जमादार आणि मी कळंब्याच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आता ती वडिलांचं गुऱ्हाळ सांभाळते आणि शनिवारी डेटा ॲनालिसिसच्या क्लासला जाते.

गेल्या हंगामात गूळ काळपट निघाला. तिचे वडील नबीलालचाचा यांचा राग दोनशे पासष्ट जातीच्या उसावर. नदीपलीकडच्या रानात तोच आहे, अलीकडं शहाऐंशी बत्तीस, म्हणजे ८६०३२. पलीकडचा खोडवा, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक, नांगरून शहाऐंशी बत्तीस लावू, असं सलमाचा भाऊ शाहबाज म्हणत होता. चाचा म्हणाले, सलमा सांगंल तसं करू. असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

तिनं प्रत्येक आधणाच्या, म्हणजे एका वेळी कढवलेल्या काहिलीभर रसाच्या, उसाच्या जातीचा आकडा आणि गुळाच्या रंगाचे गुण संगणकात घातले. नववीत आपण शिकलो तोच चल, म्हणजे बदलणारी गोष्ट. इथं एक चल ऊस, दुसरा रंग. जातीचा आकडा वाढेल तसा रंग उजळतो, असं पडद्यावर आलं. चाचांनी ट्रॅक्टर सांगितला.

नांगरटीच्या आदल्या संध्याकाळी मी देवापुढं दिवा लावत होते, तेवढ्यात सलमा आली.

"आमच्या रानात सरासरी पन्नास हजार नंबरचा ऊस हाय म्हणं," ती म्हणाली. "अगं, त्यो आकडा नुसतं नाव हाय. मी नावाची सरासरी काढली की."

मलाही हसू आलं. पाच नंबरच्या दोन बस मिळून दहा नंबरची होत नाही.

तिनं आकड्यांऐवजी नावं धरून पुन्हा पाहिलं. तरी दोनशे पासष्ट मागंच. मग झालं की, मी म्हटलं. पण तिला एक आठवलं होतं. पलीकडचा ऊस लांबून येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गाळला जातो. सगळ्यांनाच माहीत, म्हणून कुणी नोंदवलं नव्हतं. तिनं गाडीवाल्यांना विचारून तेही घातलं. त्याच दिवशी गाळलेला दोनशे पासष्ट बरा निघाला होता. ऊस पिळायचा चरक बिघडून पडून राहिलेला शहाऐंशी बत्तीस काळा.

सकाळी ती रानात गेली तेव्हा ट्रॅक्टर बांधावर उभा होता.

"अब्बा, नांगर थांबवा. मी चुकीचं सांगितलं."

"काल व्हय, आज न्हाय. कुठलं धरू?"

"आजचं."

"आन उद्या आनी काय घावलं तर?"

"तर उद्याचं धरू. पण नांगरलेला खोडवा माघारी येत न्हाय."

चाचांनी ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलं. शाहबाज म्हणाला, आता तोडीलाबी कॉम्प्युटरच धाडा.

यंदा पलीकडची तोड भल्या पहाटे लागते आणि ऊस त्याच दिवशी चरकात जातो. शाहबाजची झोप मोडते, तो कुरकुरतो. गूळ उजळ आहे, सगळाच नाही. मी सलमाला म्हटलं, देवानं तुझी लाज राखली. ती म्हणाली, आधणं अजून थोडी झालीत, एवढ्यात काय सांगू नको कुणाला.