एडमंडशेठचं गोदाम

आखातातलं अख्खं मुऐदर उपनगर आपल्यामुळे गार आहे, अशी जालिंदरची समजूत होती आणि ती मोडायचं पाप कोणी केलं नव्हतं. एसी दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर व्हिलांच्या गच्चीवर भाजून निघायचा आणि खोलीवर आला की आपल्याच एसीचा खडखडाट ऐकत झोपायचा. तो दुरुस्त करायचा त्याला कंटाळा यायचा.

शुक्रवारी सुट्टी. खोलीतली मंडळी एशियन टाउनला सिनेमाला जायची आणि हा गडी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून मोबाइलवर गेम खेळायला बसायचा. गंध कशाला, असं शेजारच्या कॉटवरच्या फुजैलनं विचारलं, तर म्हणाला, "दुकान खोलना है."

दुकान गेममधल्या एडमंडशेठचं. सातासमुद्रापारच्या इंग्रजी वसाहतीतला हा कापडाचा व्यापारी. सुरुवातीला गव्हर्नरपुढे कमरेत वाकणारा, त्याच्याच मर्जीवर गबर झालेला. पुढे त्याचं मन फिरतं, तो गव्हर्नरचा माल भरलेलं स्वतःचं गोदाम पेटवतो आणि बंडात उतरतो. गेम दोघांनी खेळायचा होता. शेठ जालिंदर, आणि शेठला फितवणारी छापखानेवाली बाई म्हणजे बार्शीजवळच्या गावी बसलेली त्याची मुलगी, सत्यभामा. आजीचं नाव आपल्या गळ्यात मारलं, हा राग तिनं बापावर राखून ठेवला होता आणि कॉलेजातून आली की तो गेममध्ये काढायची.

फोनवर दोघांचं बोलणं "जेवला का?", "जेवलो," इथंच आटपायचं. गेममध्ये मात्र बापलेक तासन्‌तास भांडायचे.

"पप्पा, त्या गव्हर्नरला किती मुजरे घालताय?"

"कंत्राट हाय त्याच्याकडं."

"लाज नाही वाटत?"

"शेठला वाटत आसंल. मी नोकर माणूस."

"पेटवा की आता गोदाम."

"थांब गं. अजून एक जहाज येऊ दे."

जहाज यायचं, माल उतरायचा, पुन्हा एक जहाज. गोदाम पेटलं की गेम संपतो, हे जालिंदरला ठाऊक होतं. त्यानंतर "जेवला का?" एवढंच उरणार, हेही ठाऊक होतं. म्हणून बंडखोर एडमंडशेठ महिनोन्‌महिने मलमल विकत बसला होता. असा आज्ञाधारक क्रांतिकारक कुठल्याही गव्हर्नरला आवडला असता.

"तुम्ही गावाकडं यायचं पण असंच करता," सत्यभामा एकदा म्हणाली. "एक उन्हाळा, एक उन्हाळा."

उन्हाळ्यात एसीवाल्याला रजा मिळत नाही, आणि मुलींच्या शाळा-कॉलेजांचं सगळं उन्हाळ्यातच असतं. तिची दहावी एका उन्हाळ्यात गेली, बारावी दुसऱ्या. आता नर्सिंगला पुण्याला निघाली होती.

"ह्या शुक्रवारी नक्की पेटवायचं," तिनं बजावलं. "रविवारी मी होस्टेलला. तिथं मोबाइल जमा करून घेतात म्हणे. मशाल मी देणार, तुम्ही घ्यायची."

"दिला शब्द."

शुक्रवारी त्यानं गंध लावलं, मोबाइल उशाला घेतला, आणि कंपनीचा फोन आला. मुऐदरच्या एका व्हिलात एसी बंद, घरात म्हातारी माणसं. नाही म्हणता आलं असतं. सुट्टीच होती. पण कंत्राटाची मुदत वाढवायचा अर्ज साहेबाच्या टेबलावर पडून होता, आणि 'आत्ता येतो सर' हे वाक्य जालिंदरच्या तोंडून आपोआप निघायचं. मोबाइल गच्चीवर उन्हात तापून बंद पडला. मशीन चालू झालं तेव्हा दुपार कलली होती.

खोलीवर येऊन त्यानं गेम उघडला. गोदामाच्या जागी राख होती. गर्दी एडमंडशेठला खांद्यावर घेऊन नाचत होती.

त्यानं घरी फोन लावला.

"सत्ये, हे कसं झालं?"

"खूप वाट बघितली, पप्पा. मग गेमनं विचारलं, जोडीदार नाही, त्याच्या जागी कम्प्युटर चालवू का. मी हो म्हटलं."

"जमलं त्याला?"

"मशाल दिली, त्यानं घेतली. एवढंच तर होतं."

"कसा दिसत हुता शेठ?"

"चांगला दिसत होता." मग तिनं विचारलं, "तुम्ही जेवला का?"

"जेवलो," जालिंदर म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं.

ती पुण्याला गेली. पुढच्या शुक्रवारी जालिंदरनं नवा गेम सुरू केला. पडद्यावर एडमंडशेठ बंदरावर उभा राहिला आणि खाली प्रश्न आला: जोडीदाराची वाट पाहायची, की कम्प्युटर घ्यायचा? जालिंदर त्या प्रश्नापुढे गंध लावून बसून राहिला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच.

फुजैलला शेवटी राहवलं नाही. "अरे भाई, कम्प्यूटर ले लो ना. कब तक बैठोगे?"

"नको," जालिंदर मराठीतच म्हणाला. "पोरीला सुट्टी लागली आणि ती आली, तर जागा भरलेली दिसंल तिला."